खरात साहेबांकडे लेखी द्या

मोबाईलवरच्या खेळाबद्दल मी आयुष्यात एकदाच तक्रार केली आणि तिला सरकारी उत्तर आलं.

खेळाचं नाव 'नागखड्ग'. कागदावर काढलेल्या चित्रासारखा चपटा खेळ. एक तलवारवाला वीर डावीकडून उजवीकडे पळतो, वाटेत राक्षस मारतो, जडीबुटी गोळा करतो आणि हळूहळू ताकदवान होतो. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. कारखान्याच्या बसमध्ये मान खाली घालून मी हा खेळ खेळतो, आणि शेजारी बसलेल्याला वाटतं मी बातम्या वाचतो. खेळाचं इंटरनेटवर एक पान आहे. तिथे खेळणारे आपापली मतं लिहितात आणि दुसऱ्याच्या मतावर तुटून पडतात. तिथे मी लिहिलं, 'तिसऱ्या वेशीवरचा दोन तोंडांचा राक्षस अशक्य आहे. सत्तावीस वेळा मेलो. काहीतरी करा.'

आठवड्याभरानं खाली उत्तर होतं :

'महोदय, आपली तक्रार प्राप्त झाली. सदर राक्षसाची प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली. राक्षस नेमून दिलेल्या जागी उभा आहे. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. आपला विश्वासू, प्र. ल. खरात, मुख्य लिपिक (सेवानिवृत्त).'

प्र. ल. खरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात.

साहेब तीस वर्षं एका कार्यालयाच्या तक्रार विभागात होते. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. तुमच्या मनात जे आलं तेच धरा, काही अडणार नाही. या तीस वर्षांत त्यांनी दोन वाक्यं कमावली. कुणी काही सांगायला आलं की "लेखी द्या, तोंडी चालत नाय." आणि लेखी दिलं की "तथ्य नाय." ही दोन वाक्यं एकापुढे एक ठेवली की कुठल्याही माणसाला घरी पाठवता येतं, हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं आहे, आणि अभिमानानं.

आमच्या सोसायटीची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत पहिल्या मजल्यावरचे वाणीकाका. ते दार बडवून ओरडत होते. आम्ही सगळे धावलो. साहेब शांतपणे आले, दाराच्या फटीतून एक कोरा कागद आणि पेन आत सरकवलं आणि म्हणाले, "आत कोण हाय? व्हय का. लेखी द्या." खरी गंमत पुढे आहे. वाणीकाकांनी आतून अर्ज लिहून दिला! तासाभरानं मेकॅनिक आला, लिफ्ट सुटली, काका घामाघूम होऊन बाहेर आले, तर साहेबांचं उत्तर तयार. 'पाहणीच्या वेळी लिफ्ट सुरू असल्याचे दिसून आले. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' वाणीकाका त्यानंतर जिना वापरतात.

असा माणूस निवृत्त झाला की त्याचं काय होणार? सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून साहेब गेटपाशी उभे राहायचे. तक्रार घेऊन कुणी यायचं नाही. दूधवाल्यालासुद्धा ते आशेनं विचारायचे, "काही अडचण?" एकदा मी गेटवर कारखान्याच्या बसची वाट बघत 'नागखड्ग' खेळत होतो. त्यांनी माझ्या खांद्यावरून डोकावून "हे काय हाय?" म्हणून विचारलं. मी खेळ दाखवला. मग मतांचं पान दाखवलं. तिथे तक्रारींचा ढीग होता आणि एकीलाही उत्तर नव्हतं. साहेबांचा चेहरा भुकेल्याला वाढलेलं ताट दिसावं तसा झाला.

"शिंदे, एकाबी तक्रारीला उत्तर नाय? ही काय पद्धत झाली?"

पहिलं उत्तर माझ्या तक्रारीला आलं, ते वर सांगितलंच. त्यानंतर बीडच्या कुणीतरी लिहिलं, पाण्यात पडलं की वीर मरतो, त्याला पोहता का येत नाही? साहेबांचं उत्तर : 'वीराच्या नेमणूक आदेशात पोहण्याची अट नाही.' कुणी लिहिलं, जडीबुटी विकणारा ऐन लढाईत दुकान बंद करतो. उत्तर : 'सदर विक्रेत्याची जेवणाची सुट्टी आहे.' कुणी लिहिलं, पाचव्या गुहेतला अजगर फार लांबवर आग ओकतो. उत्तर : 'अजगराला तोंडी समज देण्यात आली आहे.'

पाहणी मात्र ते खरोखर करायचे. त्या बाबतीत माणूस चोख. अजगराची तक्रार आली की वीराला घेऊन पाचव्या गुहेकडे निघायचे. पण तलवार उपसायची नाही. "पाहणीला जाताना हत्यार कशाला लागतं?" असा त्यांचा सवाल. त्यामुळे पहिल्याच वळणावर कुठलाही फुटकळ राक्षस वीराला खाऊन टाकायचा. साहेब पुन्हा पहिल्यापासून निघायचे. गुहेपर्यंत पोचायला त्यांना आठ आठ दिवस लागायचे, आणि ते म्हणायचे, हापिसापेक्षा हे लवकर आहे.

खेळाबद्दल त्यांचं स्वतःचंही एक मत होतं. "डावीकडं जाता येतं, शिंदे, उजवीकडं जाता येतं. आत जाता येत नाय. घरांना नुसती दारं काढली. पर बरंय. आत गेलं की माणसं बोलत बसत्यात."

खेळणारी पोरं त्यांना खेळवाल्या कंपनीचा मोठा अधिकारी समजू लागली. 'खरात साहेब, आमच्या अर्जाचं काय झालं?' 'साहेब, मागच्या सोमवारी लिहिलं होतं, बघा की जरा.' शेवटी कंपनीनं स्वतः त्या पानावर जाहीर केलं, की खरात नावाचा आमचा कोणीही अधिकारी नाही. त्याखाली दहा मिनिटांत उत्तर आलं : 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' पोरांनी कंपनीलाच खोटं ठरवलं.

इथपर्यंत सगळी मजाच होती. पण त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक वही होती, आणि तिच्याबद्दल साहेब कधी बोलत नसत.

ती वही खरात काकूंची. काकू बोलक्या. जिन्यात भेटल्या की दोन मजले बोलत चढायच्या. साहेब निवृत्त झाल्यावर काकूंना वाटलं, आता नवरा घरी, आता बोलणं होईल. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, नळ गळतोय. साहेब सवयीनं म्हणाले, "लेखी द्या." काकू हसल्या, खाली जाऊन शंभर पानी वही घेऊन आल्या, तिला पेन्सिल बांधली आणि पहिली तक्रार लिहिली. ती अर्थात थट्टा होती. पण उत्तर आलं नाही. दुसरीलाही नाही. थट्टा थट्टेत अकरा तक्रारी झाल्या, आणि अकराव्या तक्रारीनंतर काकू पैठणला बहिणीकडे निघाल्या. आठ दिवसांसाठी, असं सगळ्यांना सांगून.

त्यांची पिशवी रिक्षात मी ठेवली. रिक्षात बसता बसता काकू मला म्हणाल्या, "सतीशभाऊ, त्या वहीत एका तरी तक्रारीला उत्तर आलं ना, तर मला कळवा. त्या दिवशी येते मी. नायतर इथं मी काय अन् तिथं काय."

त्याला चार महिने झाले होते. मी अधूनमधून चहाच्या निमित्तानं समोर जायचो आणि चोरून वही बघायचो. उत्तरांची जागा कोरीच असायची. साहेब बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीत बसून उभ्या महाराष्ट्राला उत्तरं देत असायचे. "काकू कधी येणार?" विचारलं की म्हणायचे, "मुक्काम वाढलाय." मला त्या वेळी त्यांचा रागच यायचा, खोटं कशाला बोलू.

मग जालन्याच्या एका मुलीची तक्रार आली. खेळाच्या पहिल्या गावात विहिरीपाशी एक म्हातारी बसलेली असते. तिच्याकडे कुणी बघत नाही, मीही कधी बघितलं नव्हतं. सगळ्यांना राक्षसाकडे जायची घाई. त्या मुलीनं लिहिलं होतं, 'वीर जवळून गेला की म्हातारी विचारते, जेवलास का? पण उत्तर द्यायचं बटणच नाही. मी तशीच पुढं जाते. लई वाईट वाटतं.'

पोरांनी तिची यथेच्छ टिंगल केली. मी साहेबांच्या उत्तराची वाट बघत होतो. म्हातारीला पंचायत समितीकडे वर्ग करतील, असा माझा अंदाज होता. पण उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. इतर तक्रारींनाही नाही. पोरं विचारू लागली, साहेब आजारी आहेत का?

रविवारी सकाळी मी समोर गेलो. दार उघडंच होतं. साहेब बनियनवर बसले होते, आणि इस्त्रीच्या शर्टाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. हातात मोबाईल. पडद्यावर विहीर, विहिरीपाशी म्हातारी, तिच्यासमोर वीर.

'जेवलास का?' म्हातारीच्या डोक्यावर अक्षरं उमटली आणि पुसली गेली. थोड्या वेळानं पुन्हा उमटली.

"चार दिवस झालं," साहेब म्हणाले. "समदी बटणं दाबून बघितली. तलवार काढतो, उडी मारतो, पळतो, झोपतो बी. बोलत नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "असला कसला वीर, शिंदे?"

माझी जीभ जरा सैलच आहे. मी म्हणालो, "मग टाका लिहून नेहमीचं. तथ्य नाही."

साहेबांनी मान वळवून स्वयंपाकघरातल्या त्या खिळ्याकडे बघितलं.

"तथ्य हाय," ते म्हणाले.

संध्याकाळी पानावर जालन्याच्या मुलीला उत्तर आलं : 'आपली तक्रार प्राप्त झाली. पाहणी केली असता तक्रारीत तथ्य आढळून आले. बटण देणे आमच्या अखत्यारीत नाही. तोवर ज्यांच्याकडे उत्तर देण्याची सोय आहे, त्यांनी ते द्यावे.'

सोमवारी मला सुट्टी होती. सकाळी साहेब दारात उभे, इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं, काखेत शबनम पिशवी. "शिंदे, गाडीवरून बसस्टँडला सोडता का?" पैठणची गाडी लागलेली होती. चढायच्या आधी त्यांनी पिशवीतून ती वही काढून माझ्या हातात दिली. "मसुदा बघा जरा. शुद्धलेखन."

मी वाचलं. 'तक्रार क्र. १ : नळ गळतो. उत्तर : वॉशर बदलला. विलंबाबद्दल दिलगीर आहे.' 'तक्रार क्र. ४ : भाची सुनंदाच्या लग्नात सगळे जोडीनं आले, मी एकटी. उत्तर : त्या दिवशी कार्यालयास सुट्टी होती. मी कामाचे खोटे कारण सांगितले. तथ्य आढळून आले.' अकरावी तक्रार सगळ्यात छोटी होती : 'मी काही विचारलं तर निदान हूं तरी म्हणावं.' तिथे आधी पेन्सिलीनं बरंच काही लिहून खोडलेलं होतं, कागद फाटायला आला होता. शेवटी पेननं लिहिलं होतं, 'तथ्य आढळून आले. हूं.' खाली सही. मुख्य लिपिक वगैरे काही नाही, नुसतं प्रल्हाद.

"शुद्धलेखन बरोबर आहे," मी म्हणालो. "पण साहेब, फोटो काढून पाठवला असता तरी चाललं असतं."

"नाय नाय. तक्रारदारासमोर वाचून दाखवावं लागतं. नियम हाय."

असा नियम नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते खिडकीशी बसले. पिशवी वर ठेवली, वही मात्र मांडीवर घेतली.

गाडी स्टँडबाहेर पडल्यावर मी काकूंना फोन लावला. कळवायचं कबूल केलं होतं.

"काकू, उत्तर आलंय."

पलीकडे भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला. "कोणत्या तक्रारीला?"

"अकराच्या अकरा. ते स्वतः वही घेऊन निघालेत. तासाभरात पोचतील."

पलीकडे भांडं पुन्हा वाजलं.

"जेवून निघालेत का ते?"

"मी विचारलं नाही, काकू."

"बरं, ठेवा फोन," काकू म्हणाल्या. "भाकरी टाकते."