घंगाळातला केक

वाचता आलं की माणसाला काहीही करता येतं, असं माझं ठाम मत आहे. मला अडुसष्टाव्या वर्षी वाचता यायला लागलं आणि एकाहत्तराव्या वर्षी मी केक केला. मधली तीन वर्षं जोडाक्षरांत गेली.

हा केक मी खाण्यासाठी केला नव्हता. एस.टी.साठी केला होता. सांगते.

माझी थोरली बहीण धोंडुबाई गगनबावड्याला असते. तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, लख्ख दिसायला लागलं आणि तिनं मला फोन केला. "आता तुजं त्वांड बगायचं हाय. दिसतंय तवर ये."

मी म्हणाले, "उद्याच येते. एकटी येते."

माझा मुलगा उदयसिंह शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "एकटी न्हाय जायाचं. रविवारी मी गाडीनं सोडतो." तो रविवार आठ महिने आला नाही.

तसं त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. चार वर्षांपूर्वी मी गगनबावड्याला म्हणून बसले होते. बस मलकापूरला गेली. मीही गेले. पण तेव्हा मला पाटी वाचता येत नव्हती!

"आता वाचतीया की मी," मी म्हणाले. "पेपरातली बातमी सकाळी वाचून दावली न्हवं?"

"ती आदल्या दिवशी टीव्हीवर ऐकल्याली असतीस तू."

"मग दुसरं काय बी दे."

उदयसिंह हट्टाला पेटला की बापावर जातो. म्हणाला, "ठरलं. आजवर कुनीच न वाचल्याला एक कागद काढ. पयल्यापासनं शेवटापतोर वाच, आनि त्यात लिवलंय तसं करून दाव. कुनाला इचारायचं न्हाय, मोबाईलला बी न्हाय. जमलं तर खुशाल एकटी जा. न्हाय जमलं तर माज्या रविवारची वाट बगायची."

माझी सून स्वप्नाली म्हणाली, "आत्ती, व्हय म्हनू नगासा." मी तोवर हो म्हणून बसले होते.

आता कुणीच न वाचलेला कागद आमच्या घरात एकच होता. लग्नाआधी मी मिशनच्या शाळेतल्या रूथबाईंकडं भांडी घासायला जायचे. लग्न ठरलं तेव्हा बाईंनी एक कागद घडी करून हातात दिला आणि म्हणाल्या, "जपून ठेव. शिकलीस की वाच." मी जपून ठेवला. शिकायला जरा उशीर झाला, एवढंच. सासरी आल्यावर सासऱ्यांनी तो कागद सुलटा बघितला, उलटा बघितला आणि ठरवून टाकलं, "म्हायेरची जिमीन दिसतीया." त्यांनाही वाचता येत नव्हतं. मी नाही म्हणाले नाही. त्या घरात मला पहिली गरम भाकरी मिळायची ती त्या जमिनीच्या जोरावर.

पुढं तो कागद लाल फडक्यात बांधून ट्रंकेत गेला. दर लक्ष्मीपूजनाला ते गाठोडं पाटावर यायचं, त्याला ओलं हळदकुंकू लागायचं आणि न सोडताच परत ट्रंकेत जायचं. मुलगा शिकला, पण देवाचं गाठोडं सोडायचं कशाला, म्हणून त्यानंही कधी सोडलं नाही.

त्या दिवशी मी सोडलं. सगळे गोल करून बसले. मी चष्मा लावला आणि वाचलं, "पौंड केक."

सगळे आणखी जवळ सरकले.

उदयसिंह म्हणाला, "फुडं वाच. गट नंबर किती हाय?"

"गट नंबर न्हाय. लोनी हाय. लोनी एक पौंड."

चोपन्न वर्षं आम्ही एका केकला हळदकुंकू वाहत होतो! स्वप्नालीनं सवयीनं कागदाला नमस्कार केला.

कागद साधा होता. वर ठळक लिहिलं होतं, 'सर्व जिन्नस सारख्या वजनाचे घ्यावेत.' खाली लोणी, साखर, मैदा, अंडी, प्रत्येकी एक पौंड. लोणी-साखर पांढरी होईपर्यंत फेसावी. एकेक अंडे घालावे. मैदा हलक्या हाताने मिसळावा. शेवटी 'मंद भट्टीत' असं होतं, मग कुंकवाचा डाग होता आणि मग 'मिनिटे भाजावा'.

पहिली अडचण पौंडाची आली. पौंड म्हणजे किती, हे मला माहीत नव्हतं आणि विचारायचं नव्हतं. पण वाचणाऱ्या माणसाला जग मदत करतं. आमच्या घराला लागून जोतीरामची जिम आहे. मी दळण घेऊन येताना सहज आत बघितलं, तर भिंतीला लोखंडी चकत्या टेकवलेल्या आणि त्यांवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं, '५ पौंड'. मी ते स्वतः वाचलं. मला इतका आनंद झाला की दळण तिथंच विसरले.

"जोतीराम, ही चकती उद्या सकाळपतोर दे."

"आक्का, ह्या वयात डायरेक्ट पाच पौंडानं सुरवात करू नका."

त्याहून लहान वजन त्याच्याकडं नव्हतं. कोल्हापुरात त्याहून लहान वजन उचलायला जिममध्ये जाणार तरी कोण?

आता तुम्ही म्हणाल, कागदात एक पौंड आणि चकती पाच पौंडांची. मलाही ते दिसत होतं. पण वर ठळक काय लिहिलं होतं? सारख्या वजनाचे घ्यावेत. सारखं ते सारखं! पाचाचा पाचवा भाग काढणं वाचनात येत नाही, ते गणितात येतं, आणि पैज वाचनाची होती.

तागडी मी किराणावाल्या तवनाप्पांकडून आणली. ते जैन. हल्ली त्यांच्याकडं विजेचा काटा आहे, जुनी तागडी खुंटीला असते. ती देताना त्यांनी बजावलं, "आक्का, न्या की. खरं हिच्यात अंडं ठिवायचं न्हाय बगा."

मी शब्द दिला आणि पाळला. लोणी, साखर, मैदा तागडीत मोजलं. अंडी जोतीरामच्या हातात मोजली. तो दारात उभा राहिला, डाव्या हातात चकती, उजव्या हातात बादली, डोळे मिटलेले. मी एकेक अंडं बादलीत ठेवत होते.

"डावा जड," जोतीराम म्हणायचा. "डावा जड. अजून डावाच जड."

त्रेचाळिसाव्या अंड्याला तो म्हणाला, "बास! बराबर." तोवर गल्लीतली वीसेक माणसं जमली होती. त्यातलं एक जण विचारत होतं, हा व्यायाम सुटलेल्या पोटाला चालतो का.

लोणी घरचं होतं. आमच्या दोन म्हशी आहेत आणि स्वप्नालीनं तुपासाठी महिनाभर लोणी साठवलं होतं. ते सगळं परातीत बघून ती जागीच थांबली. त्यात मी ताकाची रवी लावून ते फेसत होते.

"आत्ती, ताक घुसळल्यावर लोनी निगतंय. लोनी घुसळल्यावर काय निगनार हाय?"

"केक."

तिनं पदर खोचला आणि रवीच्या दोरीचं दुसरं टोक धरलं. लोणी वाया जाऊ नये म्हणून माणूस कुठल्याही पक्षाला मिळतं.

दोन तास फेसल्यावर ते पांढरं झालं. आम्हीही झालो होतो. एकेक करून त्रेचाळीस अंडी गेली, मैदा गेला, आणि लक्षात आलं की हे सगळं मावेल असं घरात एकच भांडं आहे. ते म्हणजे अंघोळीचं पितळी घंगाळ. तीनदा चिंचेनं घासलं, आतून कल्हई होतीच. भांड्याला आतून लोणी लावावं असं कागदात लिहिलेलं नव्हतं, म्हणून लावलं नाही. मी कागदाबाहेर पाऊल टाकणार नव्हते.

भट्टी गुंडूच्या बेकरीत. दिवाळीला सगळी गल्ली आपलं तूप-साखर-मैदा देऊन तिथं नानकटाई भाजून आणते, त्यामुळं घरचं सामान त्याला नवं नव्हतं. घंगाळ नवं होतं.

"आक्का, पानी तापवायचं हाय व्हय?"

"केक हाय. मंद भट्टीत ठेव."

"किती मिंटं?"

मी कागद बघितला. "कुंकू मिनिटं."

गुंडूनं माझ्याकडं बघितलं, मग उदयसिंहाकडं बघितलं. उदयसिंहानं आभाळाकडं बघितलं.

"तितं डाग पडलाय," मी म्हणाले. "फुगून वर आला की काढू."

दुपारच्या वेळी भट्टी मंद होती. तिचं तोंड बसकं. घंगाळ आत गेलं आणि वर बरोबर बोटभर जागा उरली. गुंडू म्हणाला, "आक्का, मापानं केल्यागत बसलं." मला धन्य वाटलं.

तीन तासांनी केक फुगून वर आला. घंगाळाच्या काठावर चांगला चार बोटं आला. सोन्यासारखा रंग आणि असा वास की समोरचं कुत्रं बेकरीच्या पायरीवर येऊन बसलं. गुंडूनं लांब दांड्याचा आकडा घालून घंगाळ ओढलं. केक भट्टीच्या तोंडाला अडला. घंगाळाला जायला बोटभर जागा होती, केकला यायला चार बोटं पाहिजे होती.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? कागदात बगा की!"

कागद संपला होता.

इकडं चारचे पाव भट्टीत जायचे होते. पत्र्यांवर पाव लावून ठेवलेले होते, आणि पावाचं पीठ कुणासाठी थांबत नाही. ते पत्र्यावरून उतरून एकमेकांना भेटायला लागलं. बेकरीसमोर सम्राटची मिसळीची गाडी आहे. तो हातात पळी घेऊन आला.

"गुंड्या, पाव कुटं हाईत?"

"भट्टीत आक्काचा केक अडकलाय."

"मग काड की भायेर!"

"निगत न्हाय."

कोल्हापुरात काहीही अडलं तर चालतं, मिसळीचा पाव अडून चालत नाही. पाच मिनिटांत सम्राटची गिऱ्हाइकं हातात रश्श्याच्या प्लेटा घेऊन रस्ता ओलांडून आली. प्रत्येकाकडं उपाय होता. एक म्हणाला भट्टी फोडा. दुसरा म्हणाला अग्निशमनला बोलवा. तिसरा म्हणाला, "म्हातारीला इचारलं का?" मी तिथंच उभी होते. जोतीरामला बोलावलं. त्यानं आकडा धरून असा जोर लावला की आकडा सरळ झाला.

उदयसिंह माझ्या कानाशी आला. हळूच म्हणाला, "आई, रविवारी सोडतो तुला. खरंच सोडतो."

मला त्या क्षणी गगनबावडा लांब जाताना दिसला. गर्दीचं काही नाही, पण ते 'खरंच' माझ्या जिव्हारी लागलं. मी गुंडूच्या हातातली पाव काढायची लाकडी फळी घेतली, भट्टीत घातली आणि वर आलेला केक घंगाळाच्या काठालगत कापून काढला. चार बोटं जाडीचा भाकरीएवढा तुकडा गरम गरम बाहेर आला.

कोण पुढं होतं कुणास ठाऊक, पण पहिला घास तोडला गेला तो थेट मिसळीच्या रश्श्यात बुडाला. सगळे त्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यानं चावलं, गिळलं, डोळे पुसले.

"ग्वाड हाय," तो म्हणाला. "खरं रश्श्यात चालतंय."

त्यानंतर तो तुकडा मला दिसला नाही. सम्राटनं मात्र माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघितलं आणि विचारलं, "आक्का, रोज किती निगंल?"

घंगाळ बाहेर आलं. उदयसिंहानं चमच्यानं मधला केक उकरून खाल्ला. बराच वेळ खाल्ला. शेवटी म्हणाला, "कागद वाचूनच केलास?"

"व्हय."

"कुनाला इचारलं न्हाईस?"

"न्हाय."

"मग जा. एकटी जा. आपन काय बोलत न्हाय."

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. मी जिंकले होते!

धोंडुबाईला केक न्यायचा हे उघड होतं. पण केक घंगाळातून सुटेना. म्हणजे घंगाळासकट न्यायचा. मी कडी धरून उचलून बघितलं. घंगाळ हललं नाही, माझी कंबर हलली.

"मी स्टँडपतोर धरतो," जोतीराम म्हणाला.

"एक कडी तू धरल्यास, दुसरी कोन धरनार?" उदयसिंह म्हणाला. "मी येतो. आनि तितं उतरवनार कोन?" स्वप्नाली म्हणाली, लोणी तिचं आहे, ती त्याला एकटं सोडणार नाही. केक भांड्यातून सोडवायचा कसा हे फक्त आपल्याला कळतं, असं गुंडूचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सम्राटही रश्श्याची किटली घेऊन स्टँडवर हजर होता.

स्टँडवर बसची पाटी मी वाचली. मोठ्यानं वाचली. मग सगळ्यांना आत चढवलं, घंगाळाला खिडकीची जागा दिली आणि पुढच्या सीटवर ताठ बसून राहिले.

गगनबावड्यात धोंडुबाई दारातच उभी होती. तिनं आपल्या नव्या डोळ्यांनी आधी मला बघितलं, पोटभर बघितलं. मग माझ्या मागं बघितलं. घंगाळ, त्याला दोन्हीकडून धरलेले उदयसिंह आणि जोतीराम, त्यांच्यामागं स्वप्नाली, गुंडू आणि किटलीवाला सम्राट.

"एकटी येते म्हनालीस की गं फोनवर!"

"एकटीच आलीया, बाई," मी म्हणाले. "ही समदी केकाबरोबर आल्यात."