किजिमा यांस क्षमा करणेबाबत

त्या रविवारी मी ठरवलं, टीव्हीवाल्यांना आपलं मत कळवायचं. बस, एवढंच ठरवलं. कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं की घर बांधायला काढलं नव्हतं. पण मुराकामी शहराच्या पाणी खात्यात अडतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाने मतांच्या फंदात पडूच नये. (आमच्या खात्यात मतं साहेबांना असायची. आम्हाला फक्त सर्दी असायची.)

मालिकेचं नाव 'किजिमा येऊन गेला'. हा किजिमा म्हणजे एका टोळीचा भाडोत्री मारेकरी. दर भागात एक माणूस मारतो, हात स्वच्छ धुतो आणि एका आंधळ्या म्हातारीच्या घरी जातो. त्याने आयुष्यात पहिल्यांदा ज्याला मारलं त्याची ही आई. तिला वाटतं, हा नगरपालिकेने पाठवलेला मदतनीस. तो तिचे केस विंचरतो, माशातले काटे काढून देतो. सातव्या भागात त्याने सातवा खून केला आणि त्यात त्यालाच बरगडीत सुरा लागला. कोटाच्या आत रक्त ठिबकतंय आणि हा पठ्ठ्या गुडघ्यांवर बसून म्हातारीच्या पायाची नखं कापतोय. म्हातारी म्हणते, "आज तुझे हात थंड आहेत रे."

मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. शेजारी माझी बायको मित्सुयो नाशपाती सोलत बसली होती. ती टीव्हीकडे बघत म्हणाली, "माणसं मारतो, पण वेळेवर येतो."

हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. पण मार्च महिन्यापासून आमच्या घरात बोललं गेलेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं. आता नोव्हेंबर चालू आहे. चौतीस वर्षांच्या संसारात मी कामावरून आल्यावर तीन शब्द बोलायचो: जेवण, आंघोळ, झोप. मार्चपासून मित्सुयो मला तेच तीन शब्द बोलायला लागली. बाकी काही नाही. भांडण नाही, आदळआपट नाही, सूप वेळेवर, कपडे धुतलेले. तिन्ही शब्द मी वर्षानुवर्षं कसे फेकत होतो ते तेव्हा कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. मार्चअखेर मी रिटायर झालो होतो. दिवसभर घरी बसून ते तीन शब्द ऐकायचे.

कारण मला ठाऊक होतं. तिला सांगायचं धाडस नव्हतं. मग म्हटलं, टीव्हीवाल्यांना सांगू. मालिकेखाली पट्टी येतच होती: प्रेक्षकांनी आपली मतं कळवावीत.

मी कागद घेतला. मला पत्र लिहायची एकच पद्धत येते.

'विषय: किजिमा यांस क्षमा करणेबाबत.

१. किजिमा याने सात माणसे मारली आहेत. त्यास क्षमा करू नये.

२. तथापि, सुरा लागलेला असतानाही तो म्हातारीकडे वेळेवर गेला, याची नोंद घ्यावी.

३. माझ्या पत्नीच्या पायाची नखे कशी आहेत, हे मला चौतीस वर्षांनंतरही सांगता येणार नाही.

४. बावीस मार्च रोजी पत्नीच्या पोटातील गाठ काढली. मुख्य पाइप फुटल्याने येता येत नाही, असे मी तिला फोनवर कळवले. पाइप फुटलेला नव्हता. मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. आत गेलो आणि ती गेली असे कोणी सांगितले, तर पुढे काय करायचे हे मला माहीत नव्हते. चार तास मी रडत होतो.

५. किजिमा यास क्षमा झाल्यास कृपया मलाही कळवावे.'

खाली सही, पत्ता, शिक्का. इतक्यात पावलं वाजली. मी पत्र झटकन शेजारच्या कागदांच्या गठ्ठ्यात सरकवलं. मित्सुयो दारात आली, म्हणाली, "आंघोळ," आणि गेली.

आता तो गठ्ठा कसला, तर यंदा आमच्या दहा घरांचा प्रमुख मी आहे. (निवडून आलो नाही. पाळी आली.) प्रमुखाचं काम म्हणजे फिरती पाटी. सूचनांचे कागद पाटीला चिमट्यात लावायचे, पाटी शेजारी द्यायची. ते वाचतात, वाचलं म्हणून घराचा शिक्का मारतात, पुढच्या दारी देतात. दहा घरं फिरून पाटी शेवटी प्रमुखाच्या घरी परत. त्या आठवड्यात कचऱ्याचे वार बदलल्याची सूचना होती. मीच लिहिलेली, त्याच कागदावर, वर तसाच 'विषय'.

सोमवारी सकाळी मी एक कागद पाकिटात घालून पोस्टात टाकला आणि दुसरा पाटीला लावला. मोठ्या विश्वासाने, न वाचता.

मंगळवारी कचरा टाकायला गेलो तर कोपऱ्यावर इगाराशी उभे. रिटायर्ड हवालदार. मला पाहून त्यांनी टोपी काढली.

"कुरामोचीसाहेब, परिपत्रक वाचलं."

"कचऱ्याचं ना? ओला आता बुधवारी."

"कचरा कशाला म्हणता? मनापासून लिहिलंय तुम्ही." ते जवळ आले. "मुद्दा क्रमांक चार मी दोनदा वाचला. आमच्या मंडळींनीही वाचला. ती रडली. मग तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की काल रात्रीची भांडी मी घासली."

म्हणजे पाटीला लावला तो कागद माझा होता. टीव्हीवाले तिकडे ओल्या कचऱ्याची सूचना वाचत असतील, हेही त्याच क्षणी डोक्यात आलं. (अजून त्यांचं उत्तर नाही.)

"पाटी कुठाय?"

"होन्माबाईंकडे दिली. घरात दाबून ठेवायची नाही, नियम आहे. त्या मुद्द्यावर मी जरा सविस्तर मत दिलंय. बघा."

होन्माबाईंचं केशकर्तनालय चार घरं पलीकडे. मी धावलो. बासष्टाव्या वर्षी धावणं म्हणजे काय, ते मी सांगत नाही, बघणाऱ्यांना विचारा. दार उघडलं तर होन्माबाई एका गिऱ्हाइकाचं डोकं धूत होत्या.

"या काका. मत लिहिलंय मी. तोंडावर सांगू का?"

"नको. पाटी द्या."

"तोगाशीआजींकडे गेली मघाशीच. एवढं घाबरता काय? सगळ्यांनी शिक्के मारलेत."

फेसाखालून गिऱ्हाईक म्हणालं, "हेच का ते पार्किंगवाले?"

तोगाशीआजी नव्वदीच्या. अंगणात वळचणीला सॅमन मासे वाळवायला टांगत होत्या. मी धापा टाकत कुंपणाला धरून उभा राहिलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"आत्ताच तुझ्या घरी देऊन आले. तू नव्हतास. बायको होती."

"तिला दिलीत?"

"मग काय, मांजराला देऊ? म्हटलं, बाई, आधी बसून घे, मग वाच."

तिथून माझं घर वीस पावलं. मी ती किती वेळात चाललो, ठाऊक नाही. वाटेत दोनदा थांबून बुटाची नाडी बांधली. माझ्या बुटांना नाडी नाही. मला वाटत होतं, आत गेलो की टेबलावर घटस्फोटाचा अर्ज असेल, तिच्या बाजूने भरलेला, आणि तिच्या तोंडून चौथा शब्द निघेल.

मित्सुयो स्वयंपाकघरात चष्मा लावून बसली होती. पुढ्यात पाटी. तिने पेनाचं टोपण लावलं, आमच्या घराचा शिक्का मारला आणि पाटी माझ्याकडे सरकवली. मग ती उठून तांदूळ धुवायला लागली, माझ्याकडे पाठ करून.

मी उभ्यानेच वाचलं. एका घराने लिहिलं होतं: 'कचऱ्याचे वार समजले नाहीत.' इगाराशींचं: 'खून तो खून. अटक व्हावी. मुद्दा चार: बावीस मार्चला आमच्या नळाला पाणी होते. मी तेव्हाच नोंद केली होती.' होन्माबाईंचं: 'किजिमाला सात खून माफ. काकांना एक पार्किंगसुद्धा नाही.' त्याखाली तोगाशीआजींची मोठी मोठी वाकडी अक्षरं: 'त्याला मारू नका. म्हातारीचं कोण करणार? माझा नवरा गेला तेव्हा मीही खोलीबाहेर बसले होते. अजून बाहेरच आहे.'

आणि सगळ्यांत खाली मित्सुयोचं, बारीक, सरळ रेषेत.

'मालिका चांगली आहे. मुद्दा चारमध्ये दुरुस्ती. ऑपरेशनच्या आधी मला चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसवलं होतं. तिथून पार्किंग दिसतं. आपली पांढरी गाडी तिसऱ्या रांगेत होती. सुरुवातीचं रडणं खरं आहे. नंतर यांनी भाताचे दोन गोळे खाल्ले आणि तोंड उघडं टाकून झोपले. नर्स म्हणाली, बाई, चला आता. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा, हे उठले की हात करते. उठले नाहीत.'

मी ते किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. मला लाज वाटली, आणि ती नुसती लाज नव्हती. ऑपरेशनला जाणारी बाई खिडकीशी हात वर करायला तयार बसलेली आणि खाली मी घोरतोय. मी सात माणसं मारली असती तरी मला इतकं वाईट वाटलं नसतं.

"मित्सुयो," मी म्हटलं.

ती तांदूळ धूतच होती. पाणी केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"मी घाबरलो होतो."

"दहा घरांना माहीत आहे ते." तिने नळ बंद केला. "मीही घाबरले होते. मला कुठं गाडीत बसता येत होतं?"

मी पाटी उचलली, परत ठेवली, परत उचलली.

"गुरुवारी दहा वाजता तपासणीचा निकाल आहे," ती म्हणाली. "यायचं असेल तर गाडी लावून खाली उतरायचं. उतरायचं नसेल तर मी बसने जाईन."

गुरुवारी मी गाडी लावली. उतरलो. (पट्टा सोडायला विसरून आधी एकदा उतरायचा प्रयत्न केला, ते सोडा.) आम्ही डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी बसलो. डॉक्टर तरुण, सभ्य. त्यांनी पडद्यावर एक करडा ठिपका दाखवला. मार्चमध्ये तो तिथं नव्हता. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले, दहा डिसेंबरला. या वेळी मोठं.

मित्सुयोने मांडीवरची पर्स घट्ट धरली. तिचा हात धरावा असं फार वाटलं. चौतीस वर्षांत सवय नाही, मी पर्सचा बंद धरला. तिने ओढून घेतला नाही.

"त्या दिवशी घरचं कोण असेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. आवाज असा निघाला की डॉक्टरांनी मला पाणी दिलं.

"सहा-सात तास लागतील. नातेवाइकांसाठी तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. छान सोफे आहेत, आरामात बसता येईल."

"सोफा नको, डॉक्टर," मित्सुयो म्हणाली. "यांना लाकडी खुर्ची द्या. आणि दारासमोर ठेवा. मला बाहेर आणाल तेव्हा हे जागे पाहिजेत."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मान खाली घालून तिच्या फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. औषधांच्या रकान्याखाली लिहिलं होतं: 'पती. लाकडी खुर्ची. दर अर्ध्या तासाने हलवून पाहणे.'