आमच्या गाईचं शेण

टेक्सासमधल्या प्लेनोत अळू पिकवावं तर मीच, असं मी इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला माइक हातात घेऊन सांगून टाकलं. इथली माती काळी, चिकट, आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की चपलेसकट पाय आत जावा. पहिल्या वर्षी पानं आली ती रुपयाएवढी. बायकोने, म्हणजे नेत्राने, एकाच पानाची अळूवडी करून दाखव म्हणून आठवडाभर पिडलं.

शेवटी ऑफिसातला टेविता धावून आला. तो मूळचा टोंगाचा, म्हणजे पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांच्या देशातला. आपल्याकडे ज्वारी तसं त्यांच्याकडे अळू. बेटावर जमीन टीचभर, पाणी बेताचं, आणि विकतचं खत बोटीने येणार. म्हणून त्याच्या गावात डुकरांच्या खोपटात पाणी मारतच नाहीत, लाकडाचा भुसा पसरतात. डुकरं तो तुडवतात, सगळं त्यात जिरतं, मग ढीग लावून महिनोन्महिने कुजवायचं. वास नाही, चिकचिक नाही. टेविताचे मामा इथून तासाभरावर डुकरं पाळतात आणि हेच करतात. मी जाऊन डिकी भरून आणलं.

अळू असं माजलं म्हणता! एकेक पान डोक्यावर धरून उन्हात फिरावं.

बातमी पसरली आणि मीनाक्षीकाकू बघायला आल्या. काकू मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ, पूजाअर्चा सगळी त्यांच्या देखरेखीखाली. पानांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, खत कशाचं रे? समोर काकूंचं ते कुंकू, तो करडा चेहरा. माझी जीभ परस्पर बोलून मोकळी झाली, "गाईचं." नेत्राने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा पाइप आवरायला लागलो.

काकूंचे डोळे भरून आले. मुलाने पहिलं घर घेतलं होतं, शनिवारी वास्तुशांत होती आणि होमाला गोवऱ्या हव्या होत्या. दुकानात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मिळतात, पण त्या कुठल्या जनावराच्या, कोण सांगणार? आपल्या माणसाच्या ओळखीची गाय असली की मनाला बरं वाटतं, म्हणाल्या. आणि बादली भरून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी फोन. गोवरी थापली की भुगा होतोय, ही गाय खाते तरी काय? मी म्हटलं, इथला चारा जरा जाड असतो. मग काकूंनी तांदळाची पेज घालून थापल्या आणि पॅटिओवर वाळत टाकल्या. फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला, खाली माझ्या नावाने आभार.

नेत्रा भडकली. आपण इथे नवीन आलो, घरात गॅस कसा लावतात ते कळत नव्हतं, तेव्हा आठवडाभर डबा कोणी पाठवला? त्या बाईच्या होमात तू डुकराची विष्ठा जाळणार? सांग, नाहीतर मी सांगते. मला खरंच लाज वाटत होती. दोनदा फोन लावला, पण दोन्ही वेळा काकूंनी आधी माझं इतकं कौतुक केलं की मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

शनिवारी सकाळी काकूंच्या मुलाच्या नव्या घरी पोचलो तर गुरुजी होमासाठी विटा मांडत होते. काकू स्वयंपाकघरात पुरण घोटत होत्या.

"काकू, ती गाय नाहीये."

"मग म्हैस?"

"डुक्कर."

काकूंनी डाव खाली ठेवला. मला वाटलं, आता तो माझ्यावर येतो.

"खताला मी नाक मुरडलं नसतं रे," त्या हळूच म्हणाल्या. "माझे वडील शेतीच करायचे. पण मला फसवलंस कशाला?"

मी सॉरी तेवढं म्हटलं.

काकू बाहेर गेल्या. गोवऱ्यांनी धूर फार होईल, नुसत्या समिधा घ्या, असं गुरुजींना सांगितलं. गुरुजी तर खूशच झाले, मागच्या घरी धुराचा अलार्म वाजून आगीचा बंब आला होता. गोवऱ्या गेल्या कढीपत्त्याच्या कुंडीत. कुणाला पत्ताही लागला नाही. मी पाटावर मोकळ्या मनाने बसलो आणि माझ्याच अळूच्या वड्या हाणायला लागलो.

तेवढ्यात मंडळाची सेक्रेटरी अंतरा उभी राहिली. शैलेंद्रच्या, म्हणजे माझ्या, गाईबद्दल सगळ्यांनी ऐकलंच आहे, म्हणाली. मग यंदा वसुबारसेची पूजा फोटोसमोर कशाला? एक बस ठरवू, मुलांनाही नेऊ आणि खऱ्या गाईचीच पूजा करू! टाळ्या पडल्या. मी गयावया करत काकूंकडे पाहिलं.

"फार छान," काकू माझ्या ताटात आणखी एक वडी वाढत म्हणाल्या. "आणि वसुबारस म्हटल्यावर वासरूही लागेल. शैलेंद्र बघेल ते."

तर मंडळी, डॅलसच्या आसपास कुणाच्या ओळखीत एखादी शांत स्वभावाची गाय असेल तर कळवा. भाड्याने मिळाली तरी चालेल. वासरू मात्र हवंच.