कानसवाले खैरनार काका

एका साखरपुड्याच्या पंगतीत आमच्या इमारतीतल्या खैरनार काकांनी वाढायच्या आधीच ताट उलटं केलं, खिशातून बोटाएवढी कानस काढली आणि ताटाची कड घासायला सुरुवात केली. वाढपी बासुंदीचं भांडं घेऊन समोर ताटकळला. मुलीचे वडील धावत आले.

"काय झालं काका? ताट खराब आहे का?"

"ताट उत्तम आहे. कड वाईट आहे. कुणाचं तरी बोट कापलं असतं."

मी शेजारीच बसलो होतो. ओळख दाखवावी की नाही, या विचारात पडलो.

सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी इंदिरानगरातल्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत गिटारदुरुस्ती सुरू केली. स्वतःला वाजवता येत नाही. "वाजवा ना काहीतरी," असा मी एकदा आग्रह केला, तर "हलवायानं पेढे खायचे नसतात," म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं. त्यांचा सगळा जीव फ्रेटच्या टोकांत. फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात दांडीचं लाकूड आखडतं, पट्ट्या काही आखडत नाहीत. मग त्यांची टोकं कडेनं बाहेर येतात आणि वाजवणाऱ्याचा हात ओरबाडतात. काका लाकडाला चिकटपट्टी लावून, श्वास रोखून एकेक टोक गोल करतात. नंतर जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा कडेवरून ओढतात. धागा अडकला की पुन्हा पहिल्यापासून. "मधलं सगळेच करतात हो," हे त्यांचं पालुपद, "कड बघा, कड!"

पावसाळ्यात ते या कामाला हात लावत नाहीत. लाकूड फुगलेलं असतं, टोकं आत दडलेली असतात. दिंडोरीचे एक द्राक्ष बागायतदार लेकीच्या गिटारसाठी खेटे घालून दमले.

"काका, लय दिवस झाले. पोरगी रोज इचारती."

"तुम्ही गोडी भरायच्या आधी घड तोडता का?"

"नाय हो. पण गिटार काय पिकत नाय ना!"

गिटार दिवाळीनंतरच मिळाली. पुढच्या हंगामात त्याच गृहस्थांनी द्राक्षांची पेटी आणून दिली.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या पत्नीला, शैलाकाकूंना, अर्धांगाचा झटका आला. त्या यथावकाश हिंडूफिरू लागल्या आणि जिभेची धार तर एक दिवसही कमी झाली नाही, पण डाव्या हाताची जाणीव गेली. हात गरम पातेल्याला टेकला तरी त्यांना कळायचं नाही. फोड आला की काकांना दिसायचा. खरखरीत, गुळगुळीत वस्तूंवरून रोज हात फिरवा, जाणीव परत येऊ शकेल, असं व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. काका तांदूळ, चिंचोके, काथ्या असं काय काय ताटात मांडत. "या वयात मला धान्य निवडायला बसवलंय," काकू करवादायच्या, आणि डोळे मिटून चिंचोक्यांना तांदूळ म्हणायच्या.

मे महिन्यात मी माझी गिटार काकांकडे टाकली. माझं वादन ऐकून आमच्या घरचे टीव्हीचा आवाज वाढवतात, तेव्हा घाई कुणालाच नव्हती. काही दिवसांनी आणायला गेलो. दांडीवरून हात फिरवला, सगळं लोण्यासारखं. फक्त शेवटाकडची एक पट्टी बोटाला टोचली.

"काका, ही राहिली की!" मला फार आनंद झाला. "कड बघा, कड!"

काकांनी आतल्या खोलीकडे बघितलं आणि मला बाल्कनीच्या कोपऱ्यात ओढलं.

"हळू बोला. मुद्दाम ठेवलीय. कापणार नाही, नुसती टोचेल एवढीच. तिचा हात मी रोज यावरून फिरवतो. कुठली पट्टी ते तिला सांगितलेलं नाही. तांदूळ-चिंचोके ती अंदाजानं ठोकून देते. इथं अंदाज चालायचा नाही." मग आभाळाकडे बघून म्हणाले, "आता लाकूड फुगलं की हे टोकही आत जाईल. तेवढ्यात कळलं पाहिजे हो तिला."

गिटार तिथेच ठेवून मी घरी आलो.

नंतर मी अधूनमधून डोकावत असे. काकू खुर्चीत डोळे मिटून, मांडीवर गिटार, त्यांचा डावा हात काकांच्या हातात. "काही?" काका विचारायचे. "काही नाही." काका मान हलवून गिटार भिंतीला टेकवायचे.

एका सकाळी मी चहाला बसलो होतो. काकूंचा हात दांडीवरून सरकत शेवटाकडे गेला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हात मागे नेला. पुन्हा पुढे नेला, या वेळी स्वतःच.

"अहो, हे काय काम केलंय तुम्ही? इथं टोचतंय!"

"कुठं?"

"इथं. दिसत नाही का?"

तीच पट्टी होती. आपल्या कामात कुणी खोट काढलेली काकांना आजवर खपली नव्हती. ते गालातल्या गालात हसत होते आणि डोळे वाहत होते. मलाही आवरलं नाही.

"हसताय काय?" काकू म्हणाल्या. "लोकांची गिटार आहे. घासा ती आधी."

काकांनी कानस काढली, आणि पुन्हा खिशात ठेवली.

"आज नको," ते म्हणाले. "उद्या परत टोचू दे."