गुरुराजचं वर्कस्पेस आणि लग्नाचं वऱ्हाड

मद्रासला तीन महिन्यांचा कोर्स करून गुरुराज १९९८ साली कुंभकोणमला परतला, तेव्हा सबंध गावात कॉम्प्युटर कळणारा माणूस एकच होता, असं त्याचं ठाम मत होतं. कोण ते सांगायला नकोच!

कल्याणरामांच्या कॉम्प्युटर सेंटरात रुजू होताच त्याने वत्सलेच्या कामाला नाक मुरडलं. चार वर्षं तीच तिथले प्रोग्रॅम लिहीत होती. दवाखान्याचा, लग्नमंडपाचा, शाळेचा. प्रत्येकाचा फोल्डर निराळा.

"हे काय, लोणच्याच्या बरण्या मांडल्यात? सगळे प्रोजेक्ट एका वर्कस्पेसमध्ये, म्हणजे एकाच छपराखाली, घालायचे, तयार माल एका फोल्डरात. एक बटण दाबलं की तिन्ही हजर!"

"वर्कस्पेस एक कर की. पण तयार माल निराळा ठेव गुरुराजा, एका नावाच्या फायली आहेत."

"तुज काय ठाऊक!" जणू नादस्वराच्या विद्वानाला कुणी पिपाणी शिकवत होतं!

बटण दाबलं. चूक एकही नाही! फक्त मंडपात पाहुण्यांना द्यायची चिठ्ठी आणि दवाखान्यात पेशंटला द्यायची चिठ्ठी, दोन्ही फायलींचं नाव 'चिठ्ठी'. दवाखान्याची मागून आली आणि मंडपाच्या चिठ्ठीला गिळून बसली. गुरुराजने तपासलं नाही. तपासायला तो काय वत्सला होता?

शुक्रवारी तिरुप्पनंदाळचं एक मराठी वऱ्हाड मंडपात उतरलं. मंडपाच्या मशीनमधून निघालेल्या चिठ्ठ्या मॅनेजर नटराजने न वाचताच खोलीखोलीत वाटल्या. 'उद्या सकाळी सहा वाजता उपाशीपोटी यावे. लघवीचा नमुना सोबत आणावा.'

शनिवारी सकाळी इडल्या वाफाळत होत्या आणि पंगत रिकामी! मंडपाच्या काउंटरसमोर मात्र बावीस वऱ्हाडी रांगेत. सर्वांत पुढे नवऱ्याचे मामा, निवृत्त हेडमास्तर शेषाद्री, जरीचं धोतर नेसून, हातात बाटली धरून, ताठ उभे.

"आमची तपासणी?" नवऱ्याची आई कडाडली. "आमच्या घराण्यात रोग शोधता? उठा रे सगळे, गाड्या बोलवा!"

मुलीचा बाप नटराजकडे धावला, नटराजने सेंटरला फोन लावला. वत्सला धावत आली. चिठ्ठी वाचली, हात जोडले.

"चूक आमच्या मशीनची, अम्मा. मुलीकडच्यांस यातलं काहीच ठाऊक नाही."

तिने तीनदा माफी मागितली, तेव्हा कुठे बाई बसल्या. मुहूर्ताला नऊ मिनिटं उरली होती. गुरुराज? तो सेंटरातल्या जनरेटरच्या मागे उभा राहून डिझेल तपासत होता!

मामा मात्र हटेनात. "सांगितलं म्हणून आणलं. आता परत नेणार नाही!" शेवटी वत्सलेने ती बाटली खऱ्या दवाखान्यात पोचवली.

सोमवारी मामा नारळ घेऊन सेंटरात आले.

"माझी तपासणी कोणामुळे झाली? साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं."

वत्सला तोंड उघडणार, तोच गुरुराज तिला कोपराने सारून पुढे झाला. "माझ्यामुळे, मामा! माझ्या वर्कस्पेसमुळे!"

मामांनी त्याला चष्म्यावरून नखशिखान्त न्याहाळलं.

"तूच का तो? भाच्याचं लग्न. पानावर जिलेबी, लाडू, पायसम. घास उचलणार तोच डॉक्टरांचा निरोप आला, आणि मी ताकभात खाऊन उठलो! थोबाड लक्षात ठेवतो तुझं!"

आणि नारळ त्यांनी वत्सलेच्या हातात ठेवला.