सरांकडे पाठ होऊ नये म्हणून

माणसाला पाठ असते आणि ती त्याची त्याला दिसत नाही, हे मानवजातीच्या बहुतेक दुःखांचे मूळ आहे. हे सत्य पूर्वीही अनेकांच्या लक्षात आले असेल. पण त्याची रीतसर नोंदणी करून, त्यावर दहिसर पूर्वेला पहिल्या मजल्यावर केंद्र उघडण्याचे काम फक्त आमच्या सरांनी केले. त्या केंद्राचे नाव ‘सन्मुख परिवार’. मी त्यात सहा वर्षे होतो. वर्तमानपत्रे परिवाराचा उल्लेख ‘वादग्रस्त’ असा करीत. हा आरोप धादांत खोटा होता, कारण परिवारात वाद घालायला परवानगीच नव्हती.

सर मूळचे मुलुंडला दहावीच्या गणिताचे क्लास घेत. एके दिवशी ते फळ्यावर प्रमेय लिहीत असताना मागच्या बाकावरून आलेला अर्धा समोसा त्यांच्या पाठीवर बसला. त्यांनी गर्रकन वळून पाहिले, तर सगळा वर्ग वहीत डोके घालून बसलेला. त्याच क्षणी सरांना साक्षात्कार झाला : आपण ज्याच्याकडे पाठ करतो, त्याचा भरवसा राहत नाही. त्या दिवसापासून त्यांनी वर्गाकडे पाठ करणे कायमचे सोडले. ते मुलांकडे तोंड करून, हात मागे नेऊन फळ्यावर लिहू लागले. (त्या वर्षीचा निकाल क्लासच्या जाहिरातीत छापला गेला नाही.) यथावकाश क्लास बंद पडला आणि परिवार सुरू झाला. बाके, घंटा आणि हजेरीची पद्धत तीच राहिल्यामुळे संक्रमण सुलभ झाले.

परिवाराचा सिद्धांत अगदी सोपा होता. देवाकडे पाठ करू नये. देव सरांमध्ये आहे. सर दहिसरला आहेत. म्हणून दहिसरकडे पाठ करू नये. मांडणी गणिताच्या शिक्षकाची असल्यामुळे तीत कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

अडचण फक्त भूगोलाची होती. मुंबई ज्यांनी वसवली त्यांनी दहिसर सगळ्यात वर ठेवले आणि नोकऱ्या खाली ठेवल्या, त्यामुळे कामावर जाताना आम्हांला उलटे चालावे लागे. मी बोरिवली पूर्वेला राहत असे आणि अंधेरीच्या एका कुरिअर कंपनीत होतो. सकाळी घरातून निघताना माझे तोंड घराकडे असे, त्यामुळे मी नुकताच येत आहे असे वाटून शेजारच्या काकू रोज विचारीत, “आज लवकर सुटलास काय रे?” रिक्षात आम्ही सीटवर गुडघे टेकून मागच्या फटीतून बाहेर बघत बसायचो. कुणीतरी पाठलाग करीत आहे अशी रिक्षावाल्याची समजूत होई आणि तो गाडी पळवी. त्यामुळे साधक नेहमी वेळेआधी पोहोचत. परिवारात याला गुरुकृपा म्हणत.

परिवाराने एकदा अंतर्गत पाहणीही केली होती. घोटा मुरगळलेले साधक : बहुसंख्य. मान अवघडलेले : उर्वरित. श्रद्धा कमी झालेले : शून्य. (श्रद्धा कमी झालेल्याला साधक समजले जात नसल्यामुळे हा आकडा पुढेही स्थिर राहिला.) मुलुंडच्या साधकांनी एकदा शंका काढली की आमच्या आणि दहिसरच्या मध्ये राष्ट्रीय उद्यान आहे, त्यात बिबटे आहेत, तर तोंड बिबट्याकडे होते की सरांकडे? त्यावर सर म्हणाले की बिबट्यासुद्धा पाठ फिरवलेल्यावरच झडप घालतो. मुलुंडच्या मंडळींनी जागेवरच टाळ्या वाजवल्या. अनुभवाला उतरणारा असा धर्म विरळाच.

पुढे सरांची कीर्ती वाढली. त्यांना गाडी आली, चालक आला, ठिकठिकाणची आमंत्रणे आली, आणि एक गंभीर तात्त्विक प्रश्न उभा राहिला : सर वसईला गेलेले असताना दहिसरकडे तोंड करून बसणारा साधक नेमका कुणाकडे बघत असतो? यावर परिपत्रक निघाले. सरांच्या फोनचे लाइव्ह लोकेशन परिवाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले जाऊ लागले. प्रत्येकाने फोनमध्ये होकायंत्र घेतले. तेव्हापासून बोरिवलीच्या मंडईत भाजी घेता घेता चार-दोन माणसे एकाच वेळी सावकाश फिरू लागली की ओळखावे, सर कुठेतरी वळण घेत आहेत. घाटकोपरला आमचा एक साधक न्हावी होता. सर लांबच्या दौऱ्यावर निघाले की त्याच्याकडचे गिऱ्हाईक एका बाजूनेच दाढी करून घरी जाई. परिवारात याला शिस्त म्हणत. मीही म्हणत असे.

आता अक्षताविषयी सांगितले पाहिजे. अक्षता माझी धाकटी बहीण. वडील गेल्यापासून घरात आम्ही तिघेच : आई, ती आणि मी. परिवारात आम्ही दोघे एकदमच गेलो. (आईला पुष्कळ सांगून पाहिले. ती म्हणाली, “माझी पाठ दुखता, ती मी डॉक्टराक दाखवतंय. तुझ्या सराचा काय काम?”) अक्षता फिजिओथेरपी शिकत होती, आणि शेवटच्या वर्षाला तिच्याकडे येणारे रुग्ण बघता बघता सगळे ओळखीचे निघू लागले. एका रविवारी ती भर सत्संगात उभी राहिली आणि म्हणाली, “सर, माणसाचा गुडघा रोज उलटं चालायला बनवलेलाच नाहीये. मी शिकतेय ना, म्हणून सांगते.”

सर प्रसन्न हसले. म्हणाले, “बाळ, गुडघा नश्वर आहे.”

“पण मग चालणार कशाने?” असे म्हणून अक्षताने पर्स उचलली, सरांकडे पाठ केली आणि सरळ चालत दारातून बाहेर गेली. सभागृहात एक ज्येष्ठ भगिनी बेशुद्ध पडल्या. मी मात्र तिच्या पाठीकडे बघतच राहिलो, कारण चार वर्षांत मी परिवारातल्या कुणाची पाठ पाहिलेली नव्हती.

त्याच संध्याकाळी तिला ‘पाठमोरी’ घोषित करण्यात आले. पाठमोऱ्या व्यक्तीशी बोलू नये, तिच्याकडे बघू नये, तिच्या हातचे खाऊ नये, असा नियम होता. आमच्या घरात स्वयंपाक अक्षताच करीत असे. त्यामुळे मी विशेष अर्ज केला, आणि ताट आईने पुढे सरकवल्यास अन्न निर्दोष धरावे अशी सवलत मिळाली.

अशा रीतीने एका खोलीत आणि स्वयंपाकघरात आमचा दोन वर्षे संसार चालला.

“आई, तिला सांग, बाथरूममधून निघ. मला उशीर होतोय.”

“आई, त्याला सांग, मला पण क्लिनिक आहे. उडत नाही जात मी.”

“मी काय पोस्टमन आसंय?” आई ओरडे. “दोघांची थोबाडा समोरासमोर आसत, बोला मां!”

सांगायला हरकत नाही, मला तिच्याशी बोलायचे असे. टीव्हीवर काही विनोदी लागले की ती खळखळून हसायची, आणि मला भिंतीकडे तोंड करून हसावे लागायचे. भिंतीकडे तोंड करून फार वेळ हसता येत नाही.

मग अक्षताचे लग्न ठरले. मुलगा नितेश, चेंबूरचा, सरळ चालणारा. आमच्यात लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा साधारण अर्थ. आईने एका रात्री जेवताना निरोप दिला. निरोप ज्याच्यासाठी होता तो आणि जिचा होता ती, दोघेही एकाच ताटलीतला पापड मोडत होतो.

“ती म्हणता, कान पिळूक दुसरो कोण नको. चुलतभाव नको, मावसभाव नको. तू येवचं नसशील तर ता विधीच नको म्हणता.”

मी अर्ज केला. तीन आठवड्यांनी शेरा आला : साधकाने हजर राहण्यास हरकत नाही. कान पिळण्यास हरकत नाही. मात्र पाठमोरीकडे बघू नये, तिच्याशी बोलू नये, आणि विधीच्या कोणत्याही क्षणी सरांकडे पाठ होऊ देऊ नये. अटी वाजवी होत्या. सर त्या दिवशी दहिसरलाच असणार होते. मी आदल्या दिवशी चेंबूरच्या हॉलवर जाऊन होकायंत्र लावून पाहिले. दहिसरकडे तोंड करून उभे राहिले तर नवरदेव बरोबर माझ्या उजव्या हाताला येत होता. इतकी सोयीची वास्तुरचना क्वचितच आढळते.

परंतु मुहूर्ताला तासभर उरला असताना सर निघाले.

फोनवरचा ठिपका घोडबंदर रस्त्याने ठाण्यात आला. मंगलाष्टके संपून तांदूळ पडले तेव्हा ठिपका मुलुंडला. होम पेटला तेव्हा सर घाटकोपर ओलांडत होते. त्यानंतर गाडी चेंबूरच्या कडेने हायवेला लागली आणि मी डाव्या हातात फोन धरून स्टेजवर हळूहळू फिरू लागलो. पाहुण्यांना वाटले, व्हिडिओ काढतोय. दोघीतिघींनी पदर नीट केले. भटजींनी पुकारले, “वधूचे बंधू, या, कान पिळा,” तेव्हा नवरदेव माझ्या थेट पाठीमागे होता.

नियम स्पष्ट होते. मी उजवा हात मागे नेला, चाचपडलो, एक कान सापडला, आणि मी तो मनापासून पिळला. त्यात दोन वर्षांचे सगळे होते.

“अरे! अरे! सोड! कोण आहे हा?”

आवाज वयस्कर होता. तुपाची वाटी भटजींकडे सरकवायला वाकलेले ते नितेशचे वडील होते. ते निवृत्त हवालदार. नोकरीत त्यांनी अनेकांचे कान पिळले असतील. आपल्या कानाचा प्रसंग पहिलाच असावा.

“माफ करा काका,” मी त्यांच्याकडे पाठ करूनच म्हणालो, “सर हायवेला आहेत.”

हॉलभर हशा झाला. अक्षताही हसली. तिचे हसणे मी कुठेही ओळखले असते. मग ते अर्ध्यातच तुटले.

“दादा,” ती मागून म्हणाली. आईला मध्ये न घालता, थेट मला. “माझ्याकडे बघ ना रे. एकदाच बघ. मग बस आयुष्यभर तुझ्या सरांकडे बघत.”

मी फोनकडे पाहिले. तेवढ्यात स्क्रीनवर आले : लाइव्ह लोकेशन संपले.

हा परिवाराच्या इतिहासातला अभूतपूर्व प्रसंग होता. सर आता कुठेही असू शकत होते. मी कुठेही तोंड केले तरी सर नेमके त्याच्या विरुद्ध दिशेला असण्याची शक्यता सारखीच होती, म्हणजे सगळ्या दिशा सारख्याच पापाच्या. परिवाराच्याच तर्काने पाहिले तर बहिणीकडे वळण्यात बाकीच्या दिशांपेक्षा एक कणही जास्त पाप नव्हते. मी वळलो.

“काजळ पसरलंय तुझं,” मी म्हणालो. दोन वर्षांनी बोलायला मला एवढेच सुचले.

“तुझ्यामुळेच, गाढवा,” ती म्हणाली, आणि रडू लागली. मग मी नितेशचा कान पिळला. जरा जोरातच पिळला.

त्यानंतर मी परिवारात गेलो नाही. पुढे बाहेर आले की सर हल्ली प्रवास करीतच नसत. त्यांना गाडी लागे. ते केंद्रातच पंखा लावून झोपत, आणि त्यांचा फोन घेऊन त्यांचा चालक काशीराम आपली कामे करीत हिंडे. त्या दिवशी तो वाशीला मेहुण्याकडे जेवायला निघाला होता, वाटेत फोनची बॅटरी संपली. म्हणजे वर्षभर हजारो साधक काशीरामकडे तोंड करून होते. यावरून परिवारात फूट पडली. एका गटाने केंद्राची दिशा धरली. दुसऱ्या गटाचे म्हणणे, वर्षभर इतक्या जणांनी तोंड केल्यावर काशीराममध्ये काही ना काही उतरले असणारच. (काशीरामने आता फोनच बंद ठेवला आहे.)

लग्नात माझ्यावर सगळ्यांत जास्त कोण हसले असेल, तर भिकाजीमामा, माझ्या आईचे थोरले भाऊ. हसून हसून त्यांना ठसका लागला. पंगत उठल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले, डोळे पुसले आणि म्हणाले, “काय रे चंदू, सख्ख्या बहिणीशी दोन वर्षां बोललंस नाय? कोणीतरी सांगतंय म्हणान? अक्कल खंय ठेवलेलंस?” मग त्यांनी आवाज खाली आणला. “बरां, तुझ्या आवशीक सांग, जिलबी बरी झाली हां.”

आई चार पावलांवर उभी होती. तिने ऐकले होते. गावच्या घरामागच्या फणसावरून तिचे आणि मामांचे बोलणे बंद झाले तेव्हा मी शाळेत होतो, आणि तो फणस मध्यंतरी वादळात पडलासुद्धा. मी मामांना विचारले, की तुम्हांला कुणी सांगितलंय न बोलायला? ते गोंधळले. म्हणाले, “माका कोण सांगतलो? आमचा आपला असाच.”

हे वाचता वाचता आपणही हसला असाल. हसावे, त्यासाठीच लिहिले आहे. आपल्याला एखादे नावही आठवून गेले असेल. भाऊ असेल, मैत्रीण असेल, वरच्या मजल्यावरचे कुणी असेल. कारण आता धड आठवत नाही, पण बोलायचे नाही हे पक्के आहे. आम्ही मूर्ख होतो, हे मी लेखी द्यायला तयार आहे. पण आम्हांला निदान कुणीतरी अडवले होते.