गजभियेकाकांचं सिनेट

लोक कुंपणापलीकडून 'गुड मॉर्निंग' म्हणतात. गजभियेकाका म्हणायचे, "जयभीम उज्ज्वला, छप्पन्न!"

सकाळचे सहा. सिडनीजवळच्या स्कोफिल्ड्सची हाडं गोठवणारी थंडी. मी नाइटीवर जॅकेट चढवून कचऱ्याची लाल झाकणाची बिन रस्त्यापर्यंत ओढत नेतेय, अजून चहासुद्धा पोटात गेलेला नाही, आणि हा माणूस कानटोपी घालून मला छप्पन्न सांगतोय. मी पुण्याची. सकाळी सहाला मला सख्ख्या नवऱ्याशी बोलायची सवय नाही.

पहिल्यांदा मला वाटलं, वय सांगतायत. मग वाटलं, कोविडच्या केसेस. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, "छप्पन्न काय काका?"

"मतं! सिनेटमधली. अमेरिकेच्या. साठ लागतात ना बाई. चार कमी पडून राहिले."

काका मूळचे नागपूरचे. तिथल्या हिवाळी अधिवेशनाच्या फायली सांभाळण्यात पस्तीस वर्षं गेली. लक्षवेधी सूचना, ठराव, दुरुस्त्या, सगळं तोंडपाठ. बायको गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. मुलगा आणि सून दोघं हॉस्पिटलात, शिफ्टवर शिफ्ट. काका दिवसभर घरी एकटे. पण अधिवेशन अंगातून गेलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी 'रविवारी सगळे मिळून गवत कापूया का' असं विचारलं, की काका लिहायचे, "सूचक कोण? अनुमोदक कोण?" गवत गुडघ्यापर्यंत वाढायचं, अनुमोदक मिळायचा नाही.

त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच. भिंतभर कागद होता आणि त्यावर शंभर चौकोन, एकेका सिनेटरचा एकेक. हिरवा म्हणजे बाजूने, लाल म्हणजे विरोधात, पिवळा म्हणजे तळ्यात-मळ्यात. नावं त्यांच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून ज्या राज्यात जे पिकतं त्यावरून बारसं केलेलं. बटाटेवाला, मकेवाला, शेंगदाणेवाला. एक होता संत्रेवाला, त्याच्यावर काकांचा विशेष राग. "नागपूरच्या माणसासमोर संत्री मिरवून राहिला! आणि मत मात्र देत नाही."

"काका, आपल्या इथे बॉर्डर बंद, शेजारचं क्वीन्सलँडसुद्धा आपल्याला आत घेत नाही, आणि तुम्ही अमेरिकेचं काय घेऊन बसलात?" मी एकदा वैतागून म्हटलं.

काकांनी हातातला पिवळा स्केच पेन टोपणात घातला, काढला, परत घातला. मग म्हणाले, "माझी प्रज्ञा तिकडे आहे. टेक्ससला. नोकरी गेली तिची."

मला एकदम स्वतःचीच लाज वाटली.

प्रज्ञा काकांची धाकटी. नागपुरातून थेट अमेरिकेला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली. कोविडमध्ये कंपनीने अर्धी माणसं काढली, त्यात ही गेली. तिच्या व्हिसाचा नियम असा, की नोकरी सुटल्यापासून साठ दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. सोडून जायचं कुठे? भारताची विमानं बंद. ऑस्ट्रेलिया तिला आत घेईना, कारण ती इथली नागरिक नाही. मदतीचं एक भलंमोठं विधेयक सिनेटपुढे होतं, त्यात एक एवढंसं कलम होतं, हे साठ दिवस वाढवून देणारं. तिकडे साठ मतं हवी, इकडे साठ दिवस, आणि त्यातले पंचवीस संपलेले.

त्या दिवसापासून मीच सहाला बिन नसली तरी कुंपणाशी जाऊन उभी राहायला लागले. दीड मीटर अंतर ठेवून. "किती?" "सत्तावन्न! मकेवाला आला गं!" मी चक्क टाळी वाजवली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं लक्ष नसायचं, डोक्यात सारखा तो अडून बसलेला बटाटेवाला. असा राग मला माझ्या मॅनेजरचासुद्धा कधी आला नव्हता.

काका नुसते मोजत बसणारे नव्हते. इथे सकाळचे सहा म्हणजे वॉशिंग्टनमध्ये आदल्या दिवसाचे दुपारचे चार, ऑफिसं चालू. ते सरळ सिनेटरांच्या ऑफिसात फोन लावायचे. एकदा तिकडच्या मुलीने, हा आपल्याच राज्यातला मतदार आहे ना हे बघायला, झिपकोड विचारला. तिकडचा असतो पाच आकडी, आपला पोस्टकोड चार आकडी. काकांनी घाबरून पुढे एक शून्य ठोकून दिलं. तिने "थँक्यू सर" म्हणून नोंद करून घेतली. मला वाटलं, जिंकलं! पण काकांना दिवसभर अन्न गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी परत फोन. "मॅडम, आय ॲम फ्रॉम ऑस्ट्रेलिया. प्लीज कट माय नेम."

"अहो काका, कशाला? कोण बघणार होतं?"

"सभागृहाच्या कामात खोटं चालत नाही, उज्ज्वला. सगळं खरं असलं तरच ते सभागृह."

असा हा माणूस. म्हणून मी त्या सकाळी जे ऐकलं, ते मला पटेचना.

नुकतंच त्यांनी मला समजावलं होतं, की दोन्ही सभागृहांचे मसुदे वेगळे निघाले तर दोघांची माणसं एकत्र बसतात, एक मसुदा करतात, तो दोन्हीकडे मंजूर झाला की मग राष्ट्राध्यक्षाची सही. अगदी शाळेत शिकवावं तसं. सात वाजता प्रज्ञाचा व्हिडिओ कॉल आला आणि काका तिला म्हणाले, "मग आता हे राज्यपालाकडे जाईल, नाही का?"

"बाबा! राज्यपाल कुठून आला मध्येच?" फोनमधून आवाज कडाडला. "ऐका नीट. आधी कमिटी बसते..." पंधरा मिनिटं ती बोलत होती. काका "अस्सं? बाप्पा!" करत होते.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काका, मला तर बरोबर सांगितलंत. तिला चुकीचं का?"

"हळू बोल." त्यांनी उगाच मागे वळून पाहिलं. "नोकरी गेली तेव्हा ती रोज नुसती रडून राहिली होती. एवढ्या लांबून मी काय करू? पाणीसुद्धा देता येत नाही. एकदा माझ्या तोंडून काहीतरी चुकीचं गेलं. चिडली ना! अर्धा तास मला समजावलं. बोलता बोलता ताटातलं जेवली. चार दिवसांनी जेवली होती, उज्ज्वला. तेव्हापासून मी रोज एक चूक शोधून ठेवतो."

 मी काहीतरी कारण सांगून घरात पळाले.

अठ्ठावन्न झाले. एकोणसाठ झाले. आणि मग एका सकाळी काका कुंपणाशी आलेच नाहीत.

मी वाट बघून त्यांच्या गॅरेजमध्ये गेले. मास्क लावून, दारातच उभी. काका भिंतीकडे पाठ करून खुर्चीत बसले होते.

"मतदान झालंच नाही," ते म्हणाले. "तडजोडीत ते कलमच वगळलं. कोणी विरोधात बोललं नाही. नुसतं वगळलं."

बटाटेवाल्याला शिवी द्यायला माझं तोंड उघडलं, पण त्याचासुद्धा काही दोष नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. काका फोनकडे बघत राहिले.

"उचला ना काका."

"आज काय विचारू? कलमच गेलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उज्ज्वला, मला काही चुकीचं सुचून नाही राहिलं."

 कॉल संपायच्या बेतात असताना त्यांनी बटण दाबलं. प्रज्ञाचे डोळे सुजलेले.  मी दाराला घट्ट धरून उभी होते.

"प्रज्ञा," काका शेवटी म्हणाले, "ते कलम वगळलं म्हणजे... आता विधान परिषदेत येईल ना ते?"

ती फोनच्या जवळ सरकली. 

"बाबा, तिकडे विधान परिषद नसते."

"नसते?"

"पस्तीस वर्षं काढलीत तुम्ही यात. तुम्हाला माहितेय, नसते." तिने बाहीने नाक पुसलं. "मला पहिल्या दिवसापासून कळतंय, बाबा."

काकांनी मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखे बसले होते बिचारे.

"बावीस दिवस राहिलेत," ती म्हणाली. "बावीस दिवस पुरतील एवढं चुकीचं विचाराल ना?"

काकांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. आणि विचारलं, "बरं, मग तिकडे पंचायत समिती तरी असते का गं?"

"बाबा!" ती ओरडली, आणि सांगायला लागली.